रंभाबाईची करपल्यांची यादी

आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत पिक्चर कसा आहे असं विचारलं तर कुणी 'भारी' किंवा 'बोगस' म्हणत नाही. "तीन करपल्यात," म्हणतात. नाहीतर ओठ मुडपून, "शून्य!" नवीन पाहुण्याला वाटतं ही माणसं स्वयंपाकाबद्दल बोलतायत. तर तसंच आहे.

हे माप रंभाबाईचं. वय बावन्न, माहेर नातेपुते, सासर आमच्या समोरचं दोन खोल्यांचं घर, नवरा चिंचोळीला कारखान्यावर वॉचमन, त्यामुळं घरी असला की झोपलेला. धंदा कडक भाकरीचा. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते: ज्वारीची भाकरी हातानं इतकी पातळ थापायची की पलीकडचं दिसेल अशी भीती वाटावी, मग मंद आचेवर फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत ती पापडासारखी वाजेपर्यंत भाजायची. महिनाभर टिकते. पुण्यातल्या पोरांच्या बॅगेतून पुण्याला जाते, दुबईतल्या जावयांच्या बॅगेतून दुबईला.

रंभाबाई सकाळी सहाला दोन तव्यांपुढं बसते आणि अकराला उठते. उठते तेव्हा मागं दीडशे भाकरी रचलेल्या असतात. म्हणजे दोन मिनिटाला एक. घड्याळ लावून बघा, मी बघितलंय.

आणि पाच तास समोर फोन चालू. पिठाच्या डब्याला टेकवलेला, पीठ उडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. त्यावर पिक्चर, नाहीतर सिरियल. पण गंमत अशी की रंभाबाई पिक्चर बघत नाही. बघणार कशी? हात पिठात, डोळे तव्यावर. ती पिक्चर ऐकते. फक्त एखाद्या ठिकाणी राहवतच नाही, मान आपोआप वर होते, डोळे तव्यावरून फोनवर जातात. आणि कडक भाकरी फार मानी असते. तिच्यावरची नजर काढली की ती करपते.

यादी सुरू झाली ती एका भांडणातून. खाजाभाई रिक्षावाले आमच्याच गल्लीतले. एक दिवस पुडकं घेऊन परत आले.

"भाभी, ये क्या है? पच्चीस लिया, उसमें तीन जले हुए! मेरेकू कोयला खाने कू बोलते क्या?"

रंभाबाईनं मानसुद्धा वर केली नाही. "खाजाभाई, भाकरीची चूक न्हाय. पिक्चरच तसा हुता."

"कौनसा पिक्चर?"

"बाई रोज दोन ताटं वाढती अन् येकटीच जेवती, त्यो."

खाजाभाई बडबडत गेले. तीन दिवसांनी परत आले ते दारातूनच ओरडत, "भाभी! सात रस्ते के स्टँड पे मोबाइल में देख रहा था. सवारी आके बैठी, पाँच मिनट बैठी, उतर के चली गई. मेरेकू मालूमच नै पडा! चौथी भाकरी मैं जलाया समझो."

त्या दिवशी खाजाभाईंनी दुसरा पिक्चर मागितला. रंभाबाईनं कॅलेंडरच्या जुन्या पानाचा कोपरा फाडून लिहून दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मेहुणीला हवा होता. मग प्रत्येक पुडक्यात भाकरीबरोबर एक चिठ्ठी जायला लागली. आता व्हॉट्सअपवर गट आहे, चारशे बारा माणसांचा, आणि दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता रंभाबाईचा आवाजी निरोप येतो. तो असा:

"हॅलो. हॅलो, रंभाबाई बोलतीय. ऐकू येतंय का?" इथं ती चार सेकंद थांबते. चारशे बारा माणसं 'हो' म्हणतील म्हणून. "बरं. तर घड्याळवाल्या म्हाताऱ्याचा. पासष्ट भाकरीचा हाय. करपल्या दोन. शेवटाला गाणं हाय ते सोडून द्या. ज्याची बायको म्हायेरी गेलीय त्यानं बगू नये, लगीच आणायला पळाल. ऱ्हाऊ द्या की तिला चार दिवस. दुसरं, परदेशातली शिरियल, बर्फातली. आठ भाग, एकशे साठ भाकरीची. भाषा कळली न्हाय, तरी एक करपली. तिसरं, त्यो मारामारीचा, ज्याच्या पाट्या समद्या गावात लागल्यात. शून्य. ऐंशी भाकऱ्या एकासारख्या एक निगाल्या. ज्याला ऑर्डर टायमात पुरी करायची हाय त्यानं जरूर लावावा. ठेवते."

पिक्चरचं नाव ती कधीच सांगत नाही. नाव तिच्या लेखी पुडक्यावरचा दोरा. खाली कुणीतरी खरं नाव लिहितं, मग चारशे बारा माणसं कामाला लागतात. तीन गोष्टी मात्र ती कधी चुकत नाही: किती भाकरीचा, किती करपल्या, आणि कुणी बघू नये.

भांडायला येणारे येतात. सिद्धप्पा म्हणून एक रिटायर कंडक्टर आहेत, मूळचे अक्कलकोटकडचे. रंभाबाईला 'तंगी' म्हणतात, कन्नडमध्ये म्हणजे धाकटी बहीण. मारामारीच्या पिक्चरला शून्य मिळालं तेव्हा ते तिकीट तपासायला चढावं तसे घरात चढले.

"येन री तंगी! आमच्या हिरोला शून्य?"

"हिरोला न्हाय दिलं अण्णा, पिक्चरला दिलं."

"तू बघितलीस तरी का तो?"

"बगावं असं वाटलं न्हाय. म्हणूनच तर शून्य की."

सिद्धप्पा अण्णा वीस भाकरी घेऊन निघाले. जाता जाता, पाठमोरेच, "चिठ्ठी घालायला विसरू नको री."

रंभाबाईचे नियम तीन. पहिला, जाळ कायम मंद. जाळानं करपली तर ती पिक्चरच्या खात्यात धरायची नाही. दुसरा, मुद्दाम करपवायची नाही, मग पिक्चर कुणाचाही असो. आणि तिसरा, एक पिक्चर एकदाच. "दुसऱ्यांदा म्हायती असतंय काय व्हनार ते," ती म्हणते. "मग मान वर झाली तरी ती खोटी, न्हाय झाली तरी खोटी." तिच्या बोलण्यात 'मला वाटतं' हे दोन शब्द मी आजवर ऐकलेले नाहीत, आणि मी तिचं बोलणं भरपूर ऐकते, कारण आमच्या घरचा भाकरी आणायचा मान माझ्याकडं आहे आणि मी तो दोन-दोन तास लावून बजावते.

या तीन नियमांवर युवराज येऊन आदळला.

युवराज म्हणजे रंभाबाईच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. मोडनिंबचा. वडील महिपती, पेंडीचं दुकान, म्हणजे गुराढोरांच्या खुराकाचं, हायवेला लागून. युवराजनं डिप्लोमा केला, मग पुण्याला तीन महिन्यांचा सिनेमाचा कोर्स केला, आणि मग सोलापुरात रंभाबाईच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन वर्षभर एक पिक्चर काढला. मित्रांना घेऊन, फोनवर. अठ्ठावन्न मिनिटांचा. नाव 'फाटा'. मोडनिंबच्या फाट्यावर बाप मुलाला गाडीत बसवून द्यायला येतो, त्याची गोष्ट.

वडिलांनी दिलेली वर्षाची मुदत आता संपली होती. आणि महिपती फोनवर फक्त एवढं म्हणाले होते, "मला पिक्चरमधलं कळत न्हाय. रंभाबाईच्या यादीत एक जरी करपली, तर आजून एक वर्ष. न्हाय तर रविवारी टेम्पो घिऊन येतो, पेटी बांधून ठेव. सोमवारपासनं दुकान."

महिपतींचं हे आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. एरवी ते 'हं'वर भागवतात. चार प्रकारचे आहेत. 'हं' म्हणजे ऐकलं. 'हं?' म्हणजे पुन्हा सांग, पण थोडक्यात. 'हंऽ' म्हणजे बघू. आणि तोंड मिटून नाकातून येतो तो 'हं' म्हणजे विषय संपला, उठा.

गुरुवारी सकाळी युवराज फोनमध्ये पिक्चर घालून आला. बरोबर आई, नागरबाई. ती खास मोडनिंबहून पहिल्या एस.टी.नं आली होती आणि पदराला गाठ मारून रंभाबाईच्या पाठीमागं बसली होती. युवराज दारात उभा, एक पाय आत, एक बाहेर.

"मावशी, आधी थोडा कॉन्टेक्स्ट देतो. ही फिल्म म्हणजे बेसिकली एका स्थलांतराचं मेटाफर..."

"लाव," रंभाबाई म्हणाली.

लावला. रंभाबाईनं पहिली भाकरी तव्यावर टाकली.

पिक्चरमध्ये दार वाजलं. बापाचा आवाज आला, "कोण आहे? दार वाजतंय वाटतं. थांबा, दार उघडतो." दार उघडलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मी चाललो." बाप म्हणाला, "चाललास?" मुलगा म्हणाला, "हो बाबा, चाललो." बाप म्हणाला, "मला एकट्याला टाकून शहरात चाललास!" लगेच व्हायोलिन. ते जे सुरू झालं ते थांबेना. मग फाट्यावरचा सीन आला. बाप बोलायला लागला, "पोरा, हे हात बघ. या हातांनी तुला वाढवलं. या हातांवरच्या रेषा झिजल्या, पण..." तो साडेतीन भाकरी बोलत होता. मी मोजलं.

रंभाबाईची मान खाली ती खालीच. थाप, टाक, दाब, उलट. थाप, टाक, दाब, उलट.

आणि मग वास आला.

"करपली!" नागरबाई ओरडली, आनंदानं इतकी की शेजारचं कुत्रं भुंकलं. "करपली गं बाई! युवराज, करपली रे!"

रंभाबाईनं भाकरी उचलली, उलटी केली, वास घेतला. मग फोनकडं नाही, तव्याकडं नाही, शेगडीच्या बटनाकडं बघितलं. बटन बरंच पुढं सरकलेलं होतं.

"आक्का," ती शांतपणे म्हणाली, "बटनाला हात कुणी लावला?"

"मी काय म्हणते," नागरबाई म्हणाली. तिची प्रत्येक सबब तिथूनच सुरू होते. "मी काय म्हणते, थंडी हाय, मला वाटलं जाळ बारीक झाला..."

"ही जाळानं करपली. पिक्चरनं न्हाय."

"रंभे! एक भाकरी! एका भाकरीनं तुझ्या घरचं काय जानार हाय? पोराचं वरीस वाचंल की गं!"

"आन् चारशे मान्सं माझ्या एका आकड्यावर रात घालवत्यात, त्यांचं?" रंभाबाईनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली, दारामागून खडू आणला आणि शेगडीच्या बटनाशी एक रेघ ओढली. "आता हितनं हाललं तर कळंल."

पिक्चर संपला. एकोणतीस भाकरी. मागं एकोणतीसच्या एकोणतीस, जाळाची ती एक सोडली तर, पांढऱ्याशुभ्र रचलेल्या. त्या दिवशी त्या भाकरी इतक्या सुंदर दिसत होत्या की युवराजला बघवेनात.

"शून्य," रंभाबाई म्हणाली.

"मावशी, तू स्क्रीन बघितलीच नाहीस!" युवराजचा आवाज फाटला. सगळं पुणे त्याच्या तोंडातून एका क्षणात उतरलं. "मी फाट्यावर पाच दिवस ऊन बगत बसलो हुतो! संध्याकाळचं ऊन कसं पडतंय त्येच्यासाठी! तू एक डाव तरी वर बगायचं हुतंस की!"

"बगायला लावलंस कुटं?"

तिनं भाकरींच्या चळतीवर फडकं टाकलं.

"दार वाजलं. मला ऐकू आलं. मग त्यो म्हनतो 'दार वाजतंय वाटतं'. पोरगं चाललंय, मला ऐकू आलं. मग त्यो म्हनतो 'चाललास?' अरं, समदं सांगून टाकलंस, मग मी मान कशाला वर करू? आन् त्यो बाप! कुनाचा बाप हाय त्यो?"

"म्हणजे?"

"येवडं बोलतो त्यो कुनाचा बाप? तुझा तर न्हाय."

नागरबाईसुद्धा हसली. रडता रडता हसली, त्यामुळं तिला उचकी लागली.

रंभाबाईनं हात पुसले आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला जुन्या पानांचा गठ्ठा काढला. चार वर्षांची यादी. "ही बग. ही सगळ्यात मोटी. पाच करपल्या. त्या दिवशी काय झालतं म्हाईती हाय? कायबी झालं न्हवतं. आवाज बंद पडला. म्हनलं पिशवीत पीठ जाऊन फोनच बंद पडला. मान वर केली तर बाई नुसती बसलेली. समोर चा. चा थंड झालेला. तेवढंच. ह्यो दुसरा, तीनवाला. हितं बी तसंच. बोलनं थांबलं." तिनं पानं चाळली. "मला ह्ये आधी ठावं न्हवतं, ह्या भाकऱ्यांनी शिकवलं. पिक्चर बोलतोय तवर मला बगायची गरज न्हाय. पिक्चर गप झाला की मी बगते."

युवराज खाली बसला. दारातच, चपलांवर. मग म्हणाला, "मावशी, मी परत कापतो. रविवारपर्यंत. परत ऐकशील?"

"न्हाय."

"मावशी!"

"मला आता समदं म्हाईती हाय. मी ऐकला तर माझी भाकरी खोटं बोलंल. नियम म्हंजे नियम."

नागरबाईनं कपाळावर हात मारला. "रविवारी तुझं दाजी टेम्पो घिऊन येनार हायेत, रंभे!"

"येऊ देत की." रंभाबाईनं पुढचा गोळा घेतला. "दाजींनी पिक्चर ऐकलाय का?"

"त्येंनी कशाला ऐकलाय? त्येंना वेळ कुटं हाय?"

"मग झालं तर," रंभाबाई म्हणाली आणि थापायला लागली. एवढंच.

शुक्रवार आणि शनिवार युवराज खोलीबाहेर आला नाही. मी एकदा भाकरी द्यायला गेले तेव्हा तो कानाला हेडफोन लावून एकच पाच सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होता. मला वाटलं काहीतरी डायलॉग असेल. त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. हायवेवरून ट्रक जातो, आणि तो गेल्यावर जे उरतं, ते होतं त्यात. मी बऱ्याच जणांचे आवाज काढते, पण ट्रक गेल्यानंतरचा आवाज मला अजून जमलेला नाही.

रविवारी आठला छोटा हत्ती गल्लीत शिरला. ड्रायव्हर टेम्पोतच बसला. महिपती उतरले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, सदऱ्याला पेंडीचा वास. युवराजची पेटी मावशीच्या ओट्यावर बांधून ठेवलेली होती. महिपतींनी तिच्याकडं बघितलं, गाठ हलवून बघितली, आत आले.

"या दाजी. चा घेता?"

"हं."

"चा व्हईल, पन आधी माझं एक काम करा. आज मनगट लई दुखतंय. सत्तर भाकरीची ऑर्डर हाय, अकराला न्यायला येनार हायेत. मी थापते, तुमी नुसतं तव्याकडं बगा. गुरांच्या बाजाराला जाताना तीन दगडांवर भाकरी भाजलेली मान्सं तुमी. तुमाला सांगायचं कशाला?"

"हं?"

"भाजता का, असं इचारते."

महिपतींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तव्यापुढं बसले. फडक्याचा बोळा हातात घेतला. पहिली भाकरी त्यांनी अशी दाबली की रंभाबाई म्हणाली, "आक्काला शिकवा जरा." मागं बसलेल्या नागरबाईनं तोंड वाकडं केलं. तिला रंभाबाईनं शेगडीपासून लांब, भिंतीला टेकून बसवलं होतं, आणि मधोमध मला बसवलं होतं, पहाऱ्याला.

"दाजी, जाळ बगून घ्या. ही खडूची रेघ. बटन रेघेवर हाय का?"

महिपतींनी वाकून बघितलं. "हं."

"मग लावते आता काहीतरी. मला बिगर आवाजाचं थापता येत न्हाय."

तिनं पीठ लागलेल्या बोटानं पिशवीवरून फोन दाबला.

दार वाजलं. कुणी काही बोललं नाही. कडी निघाल्याचा आवाज आला. मग कप खाली ठेवल्याचा.

महिपतींनी ओळखलं. कडी त्यांच्याच घरची होती, चित्रीकरण त्यांच्याच ओसरीवर झालेलं. त्यांनी फोनकडं मुळीच बघितलं नाही. उलट जास्तच वाकून तव्याकडं बघायला लागले. युवराज दारात उभा होता, दोन्ही पाय बाहेर.

थाप, टाक, दाब, उलट. दहा भाकरी झाल्या. पंधरा झाल्या. एकसारख्या. महिपतींची मान दगडाची. नागरबाई माझा हात दाबत होती, माझी बोटं बधिर झाली.

अठराव्या भाकरीला फाटा आला. मला माहीत होतं, इथं तो हातांवरच्या रेषांवाला बाप बोलायला लागतो. मी वाट बघितली. बाप बोलला नाही. ट्रक गेला. दुसरा गेला. मग एक अगदी बारीक आवाज आला, करकर, करकर. तो थांबला. परत आला. करकर.

आणि मग काहीच नाही.

महिपतींचा बोळा भाकरीवर थांबला. मान वर झाली.

फोनवर संध्याकाळचं ऊन होतं. त्या उन्हात बाप रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून पेटीची दोरी सोडत होता आणि परत बांधत होता. मुलगा बाजूला उभा. गाडीचा पत्ता नाही. बापानं गाठ मारली, ओढून बघितली, परत सोडली.

वास आला. नागरबाईनं तोंड उघडलं. रंभाबाईनं पिठाचा हात वर केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नागरबाई गप्प बसली. तव्यावरून निळा धूर सरळ वर गेला. कुणी हललं नाही. पिक्चरमधल्या बापानं तिसऱ्यांदा गाठ मारली, आणि गाडीचा हॉर्न वाजला.

"दाजी," रंभाबाई म्हणाली, "भाकरी."

महिपतींनी खाली बघितलं. भाकरी कडेनं काळी झाली होती, मधोमध बोळ्याचा गोल पांढरा राहिला होता.

"जाळ मोठा हुता," ते म्हणाले.

"रेघ बगा."

त्यांनी वाकून बघितली. बटन रेघेवर होतं. नागरबाई भिंतीला होती. मी दोघांच्या मध्ये होते. महिपतींनी बराच वेळ त्या रेघेकडं बघितलं, जणू पेंडीच्या पोत्यावरचं वजन पटत नाहीये.

मग दाराकडं न बघता विचारलं, "त्यो दोरी परत का बांधतोय? एकदा बांधली हुती की."

"तुम्ही बांधली होती, आबा," युवराज म्हणाला. "मला पुण्याला घालवायला आलता तेव्हा. तीन वेळा."

महिपतींनी करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. पुढचा गोळा येईपर्यंत बोळ्यानं तवा पुसला.

"ढिली हुती," ते म्हणाले.

रंभाबाई खळखळून हसली. ऑर्डरच्या उरलेल्या भाकरी महिपतींनीच भाजल्या. पिक्चर संपल्यावर फोन तसाच बंद राहिला, कुणी दुसरं काही लावलं नाही, आणि रंभाबाईनं बिगर आवाजाच्या सत्तेचाळीस भाकरी थापल्या. मनगट तिचं अजिबात दुखत नव्हतं, हे सांगायला नकोच.

साडेदहाला महिपती उठले, टोपी घातली. करपलेली भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळली, काखेत धरली. चहा घेतला, उभ्यानंच. ओट्यावर ड्रायव्हरनं पेटीला हात घातला होता.

"ती ऱ्हाऊ दे," महिपती म्हणाले.

"मग काय न्यायचंय, मालक?"

"काय न्हाय. चल."

आणि टेम्पोत चढताना त्यांनी युवराजकडं बघून जो 'हं' काढला तो आधीच्या चारांतला नव्हता. मी तो घरी आल्यावर आरशासमोर पुष्कळदा करून बघितला. आता बऱ्यापैकी जमतो, पण त्यासाठी आधी डोळे जरा ओले लागतात.

राहिली यादी. रंभाबाईपुढं खरा पेच होता, कारण भाकरी तिच्या हातून करपली नव्हती आणि यादीत दुसऱ्याची करपलेली धरायची सवय नाही. गुरुवारचं शून्य तिचं होतं, तेही खोडायचं नाही. ती पाच वाजेपर्यंत विचार करत बसली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तिनं चहाचा कप धुतला, फोन उचलला आणि संध्याकाळी पाचचा निरोप सकाळी अकरालाच सोडला:

"हॅलो. हॅलो, रंभाबाई बोलतीय. ऐकू येतंय का?" चार सेकंद. "बरं. 'फाटा'. ह्येचं नाव सांगते, कारन दुसरीकडं कुटं सापडनार न्हाय, माझ्या भाच्याकडनं मागून घ्यावा. पयला केला तवा एकोणतीस भाकरीचा हुता. माझ्या तव्यावर शून्य. त्यो कुनी मागू नये. आता कापून तेवीस भाकरीचा केलाय. करपली एक. भाजनारा महिपती, मोडनिंब. भाकरी त्येंच्याकडं हाय, ज्याला बगायची हाय त्यानं दुकानावर जाऊन बगावी. बापलेकांनी शेजारी बसून बगू नये. एकानं तव्याकडं तोंड करून बसावं. ठेवते."

त्या आठवड्यात खाजाभाई मोडनिंबला सवारी घेऊन गेले होते. येताना दुकानावर थांबले. म्हणाले, भाकरी गल्ल्याच्या वर, खिळ्याला लावली आहे, पेंडीच्या दोऱ्यानं बांधून.

"गाठ कितने बार मारी, पूछा मैं," खाजाभाई सांगत होते. "बोले, हं."